एका डिशवर दोन उपग्रह

धाराशिव शहरातल्या कुठल्याही गच्चीवर होकायंत्र घेऊन उभं राहिलं, की डीडी फ्री डिशचा उपग्रह बरोबर आग्नेयेला सापडतो. हा जीसॅट-15. विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, 35,786 किलोमीटर उंचीवर. इथून तो क्षितिजापासून जवळजवळ 61 अंश वर आहे, त्यामुळे बालाघाटचे डोंगर आड येत नाहीत. आड येतो तो शेजारचा लिंब, नाहीतर पाण्याची टाकी.

टाटा प्लेचा जीसॅट-24 आहे 83 अंशांवर. तो धाराशिवहून दक्षिणेकडे सरकलेला आणि थोडा उंच, 67 अंशांवर. दोन उपग्रहांमध्ये सुमारे 7,700 किलोमीटरचं अंतर आहे. तरीही अनेक गच्च्यांवर त्यांच्यासाठी ज्या दोन वेगळ्या डिश दिसतात, त्यांची गरज नसते.

डिशचा पत्रा समोरून आलेल्या लहरी एका बिंदूवर गोळा करतो आणि तिथे त्या टिपणारा एलएनबी बसवलेला असतो. बाजूने, तिरक्या येणाऱ्या लहरीही गोळा होतात, पण त्या बिंदूच्या शेजारी आणि विरुद्ध अंगाला. उपग्रह पश्चिमेला असेल तर त्याचा एलएनबी पूर्वेला लागतो, उपग्रह उंच असेल तर एलएनबी खाली. हे एकदा उमगलं की पुढचं काम सोपं होतं. डिशच्या मागे उभे राहून आकाशाकडे तोंड केलं, तर जीसॅट-24चा एलएनबी मधल्या, म्हणजे जीसॅट-15च्या, एलएनबीच्या डावीकडे आणि खाली बसतो. साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या डिशवर दोघांत साधारण आठ सेंटिमीटर अंतर पडतं. म्हणूनच दुसऱ्या एलएनबीची पट्टी आडवी ठेवून भागत नाही, ती तिरकी लावावी लागते. पुष्कळ जण इथेच अडतात आणि डिशला दोष देतात.

88 अंशांवरचा एसटी-2 मात्र एवढ्या डिशवर जीसॅट-15च्या जोडीला बसवणं कठीण. अंतर साडेपाचच अंशांचं, त्यामुळे नेहमीच्या जाडीचे दोन एलएनबी एकमेकांना भिडतात.

मधली जागा फ्री डिशला द्यावी, असं माझं ठाम मत आहे. मध्यावर सिग्नल सगळ्यात चांगला मिळतो. पैसे भरायचे थांबले तरी सह्याद्री आणि शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्या घरात चालू राहिल्या पाहिजेत. एलएनबी वाढवला म्हणून सशुल्क वाहिन्या फुकट होत नाहीत. त्यांना त्या कंपनीचा बॉक्स आणि चालू रिचार्ज लागतोच.

आधी फक्त मधला एलएनबी लावून डिश जुळवावी. या डिशचा पत्रा दिसतो त्याहून बराच वर बघत असतो, म्हणून 61 अंशांचा उपग्रह असूनही ती कमी कललेली वाटते. डोळ्यांवर न जाता पडद्यावरच्या क्वालिटीच्या आकड्यावर जावं. नुसती स्ट्रेंग्थ भरलेली दिसली म्हणजे उपग्रह सापडला असं होत नाही. नट घट्ट केले की डिशला पुन्हा हात लावायचा नाही. पुढे सरकवायचा तो दुसरा एलएनबीच, आणि तो जागेवर थोडा फिरवूनही पाहायचा, कारण लहरींची आडवी-उभी दिशा जुळावी लागते.

दोन बॉक्स असतील तर दोन केबल सरळ खाली आणाव्यात. एकाच फ्री-टू-एअर रिसिव्हरवर दोन उपग्रहांच्या मोफत वाहिन्या हव्या असतील तर मध्ये डायसेक स्विच लागतो. रिसिव्हर त्याच केबलमधून 22 किलोहर्ट्झच्या स्पंदनांनी त्याला हुकूम देतो आणि स्विच हवा तो एलएनबी जोडतो. मेनूमध्ये कुठला उपग्रह कुठल्या पोर्टवर आहे ते भरलं नाही, तर जुळणी अचूक असूनही पडदा कोराच राहतो.



काम झालं की डिशच्या खांबावर आणि पट्टीवर पक्क्या रंगाने खुणा कराव्यात. वळवाच्या वाऱ्याने डिश जरा जरी हलली तरी दोन्ही उपग्रह एकदम जातात. खुणा जुळवून मधला एलएनबी परत जागेवर आणला, की दुसराही आपोआप लागतो.