टेस्ट राइड घेण्याआधी स्वतःच्या गाडीची सर्व्हिसिंग करा!



मागच्या व्हिडिओत मी वहीतलं एक पान दाखवलं होतं. नवी मोटरसायकल घ्यायची की जुनीच चालवायची, याचा हिशोब होता त्यावर. व्हिडिओत सगळं घाईघाईत सांगितलं, म्हणून आज ते पान नीट उलगडून सांगतो. विषय गाडीचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. हेच गणित उद्या तुम्हाला मिक्सर, सीलिंग मशीन नाहीतर बिलिंग सॉफ्टवेअर घेताना लागणार आहे.

आधी माझी चूक सांगतो.

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळ माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. डबे, पिशव्या, टेप, केकचे बॉक्स असला माल. डिलिव्हरीला एक जुनी स्प्लेंडर प्लस आहे. दुकानातला पोरगा आणि मी, दोघं आलटून पालटून ती चालवतो. रोजचं रनिंग ४५-४६ किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर. पेट्रोलचा खर्च डोळ्यांत खुपायला लागला होता. त्यात बजाजच्या फ्रीडम १२५ बद्दल सगळीकडे चर्चा. ५ जुलै २०२४ ला पुण्यात ही गाडी बाजारात आली. सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल, तीही आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीची. मी शोरूमला गेलो, दोन किलोमीटरची चक्कर मारली, खूश झालो आणि २,००० रुपये टोकन देऊन आलो.

घरी आल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "अहो, पण ही गाडी किती दिवसांत पैसे वसूल करून देईल?"

मला उत्तर देता आलं नाही. बीबीएला 'पेबॅक पिरियड' शिकलेला माणूस मी! टोकन परत मिळालं, पण त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या. मग ठरवलं, आता नीट पद्धतीनं करायचं.

चक्कर मारली म्हणजे तुलना झाली का?

नाही. शोरूमची गाडी कशी असते? नवे टायर, ताणलेली चेन, ताजं ऑइल, गुळगुळीत ब्रेक. आणि आपली गाडी? चेन लोंबतेय, मागचा टायर गुळगुळीत झालाय, एअर फिल्टर कधी बदलला ते आठवत नाही. तिच्यावरून उतरून तुम्ही नव्या गाडीवर बसता आणि म्हणता, "वा, काय स्मूथ आहे!"

मित्रांनो, ती दोन गाड्यांची तुलना नाही. देखभाल केलेली गाडी आणि देखभाल न केलेली गाडी यांची तुलना आहे. त्यात जुनी गाडी हरणारच.

म्हणून पायरी पहिली: आधी स्वतःची गाडी ठीक करा. मी चेन-स्प्रॉकेट किट, मागचा टायर, ब्रेक शू, एअर फिल्टर, ऑइल आणि क्लच प्लेट एवढं काम करून घेतलं. बिल झालं ५,२०० रुपये. सर्व्हिसिंगच्या आधी टाकी फुल करून ॲव्हरेज मोजलं होतं, ४७ चं पडत होतं. नंतर तसंच मोजलं तर ५६!

ॲव्हरेज मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, किलोमीटरचं रीडिंग लिहा. चार-पाच दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. त्याच पंपावर पुन्हा फुल करा. जेवढे किलोमीटर झाले त्याला जेवढं लिटर बसलं त्यानं भागा. एकदा मोजून थांबू नका, दोनदा मोजा.

पायरी दुसरी: रस्ता तुमचा, शोरूमचा नाही

शोरूमवाले बहुतेक वेळा समोरच्या सरळ रस्त्यावर नेतात. तिथं कुठलीही गाडी चांगलीच वाटते. माझ्या डिलिव्हरीचा रस्ता असा: रविवार कारंजा, सीबीएस, त्र्यंबक रोडनं सातपूर, तिथून अंबड लिंक रोड, पाथर्डी फाटा, मुंबई नाका आणि परत दुकान. यात सिग्नल आहेत, खड्डे आहेत, एमआयडीसीतले ट्रक आहेत आणि शेवटी आमची अरुंद गल्ली आहे.

मी शोरूममध्ये सरळ सांगितलं, "दादा, घ्यायची तर याच कामाला घ्यायची आहे. सकाळी गर्दी नसताना येतो, मला जरा लांब चक्कर मारू द्या." मंगळवारी सकाळी बोलावलं आणि आठ किलोमीटर मिळाले. रविवारी संध्याकाळी गेला असाल तर गल्लीतल्या गल्लीत फिरवून परत आणतील, त्यांचाही इलाज नसतो. लायसन्स सोबत ठेवा, हेल्मेट घाला आणि टेस्टच्या गाडीचा विमा चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या.

पायरी तिसरी: आपली, नवी, पुन्हा आपली

हा माझा सगळ्यात आवडता नियम. शोरूमला स्वतःच्या गाडीवर जा. तो रस्ता आधी आपल्या गाडीवर करा. लगेच नव्या गाडीवर करा. उतरलात की पुन्हा आपल्या गाडीवर बसा. पहिल्या वेळी आपल्याला आपल्या गाडीच्या खोडी कळतच नाहीत, सवय झालेली असते. नवी चालवून परत बसलं की खरा फरक हाताला आणि कंबरेला कळतो.

माल लादून बघू द्याल का, असंही विचारलं. नाही म्हणाले, आणि बरोबरच आहे त्यांचं. मग मी भावाला मागे बसवलं. तो ७५ किलोचा. आमचा माल याच्यापेक्षा हलकाच असतो. वजन घेऊन गाडी कशी उचलते आणि ब्रेक कसा लागतो, एवढं तर कळलं.

मला काय जाणवलं?

नवी गाडी खड्ड्यांत नक्कीच आरामदायी वाटली. तिला मागे मोनोशॉक आहे. सीट लांबलचक आहे, कारण सीएनजीची टाकी सीटखाली आडवी बसवलीय. १२५ सीसीचं इंजिन, ९.५ पीएसची ताकद. भाऊ मागे असताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये माझ्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षा सहज ओढते. डाव्या हाताजवळच्या बटणानं सीएनजीवरून पेट्रोलवर जाता येतं.

आता दुसरी बाजू. माझ्या स्प्लेंडरचं वजन साधारण ११० किलो, फ्रीडमचं १४७ किलोच्या वर. चालवताना हे जाणवत नाही. पण दिवसातून पंधरा वेळा गाडी स्टँडवर लावायची, गल्लीत मागे ढकलायची, तिथं जाणवतं. सीटची उंची ८२५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५. मला अडचण नाही आली. दुकानातल्या पोराला बसवून बघितलं तर त्याचे दोन्ही पाय पूर्ण टेकेनात. मित्रांनो, गाडी जो चालवणार आहे त्यालाच टेस्ट राइड द्या. मालक चालवून बघतो आणि कामगार रोज चालवतो, इथंच निम्मे निर्णय चुकतात.

पायरी चौथी: आता वही काढा

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. तुमच्या गावचा आजचा भाव तुम्ही टाका. कंपनी फ्रीडमचं सीएनजीवरचं ॲव्हरेज किलोला १०२ किलोमीटर सांगते. मी हिशोबात ८५ धरलं. कंपनीचा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. धंद्याच्या हिशोबात फायदा थोडा कमीच धरायचा.

एका किलोमीटरचा इंधन खर्च:

- माझी गाडी, सर्व्हिसिंगच्या आधी: २ रुपये २३ पैसे
- माझी गाडी, सर्व्हिसिंगनंतर: १ रुपया ८८ पैसे
- फ्रीडम, सीएनजीवर: १ रुपया ६ पैसे

नवी गाडी ऑन-रोड १,१५,००० धरली आणि जुनी ३०,००० ला विकली, तर माझ्या खिशातून जाणार ८५,०००.

सर्व्हिसिंग न केलेल्या गाडीशी तुलना केली तर किलोमीटरमागे १ रुपया १७ पैसे वाचतात. महिन्याचे १,४०० रुपये. पैसे वसूल व्हायला पाच वर्षं. पण ठीक केलेल्या गाडीशी तुलना केली तर ८२ पैसेच वाचतात. महिन्याचे ९८० च्या आसपास. वसुलीला सात वर्षांच्या वर!

बघा, नव्या गाडीत काहीच बदललं नाही. फक्त माझ्या आळसामुळे ती दोन वर्षं 'स्वस्त' दिसत होती. उलट ५,२०० रुपयांच्या सर्व्हिसिंगनं महिन्याला ४०० रुपयांच्या वर वाचायला लागले. म्हणजे तो खर्च वर्षभरात वसूल.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वेळ. फ्रीडममध्ये दोन किलो सीएनजी बसतो. माझ्या हिशोबानं १७० किलोमीटर, म्हणजे महिन्यात सात वेळा पंपावर जावं लागेल. प्रत्येक वेळी रांगेत वीस मिनिटं गेली तर महिन्याला सव्वादोन-अडीच तास झाले. पंप तुमच्या रस्त्यावर नसेल तर जाण्यायेण्याचे किलोमीटर वेगळे. दोन लिटरची पेट्रोल टाकी आहे, अडकून पडणार नाही. पण रोज पेट्रोलवरच चालवायची असेल तर एवढे पैसे कशाला घालायचे?

आणि खरा प्रश्न: हे ८५,००० मी दिवाळीआधी मालात घातले तर? माझ्या धंद्यात दहा टक्के मार्जिन धरलं आणि माल वर्षात चार वेळा फिरला तर ३४,००० सुटतात. गाडी वर्षाला वाचवून देणार १२,००० च्या आत. पैसा एकच आहे, दोन ठिकाणी घालता येत नाही.

मग नवी गाडी कोणी घ्यावी?

असं समजू नका की मी गाडीला नावं ठेवतोय. तिचं गणित वेगळ्या माणसासाठी जमतं.

तुमचं रोजचं रनिंग १०० किलोमीटर असेल, म्हणजे महिन्याला २,६००, तर याच हिशोबानं महिन्याला २,१०० च्या वर वाचतात आणि ८५,००० सव्वातीन-साडेतीन वर्षांत वसूल होतात. पंप रस्त्यात असेल तर जरूर विचार करा.

तुमच्याकडे गाडीच नसेल आणि नवी घ्यायचीच असेल, तर सगळी किंमत मोजायची नाही. फक्त साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीचे किती जातात ते बघायचं. तो फरक २०,००० धरला तर माझ्याइतक्या रनिंगला वीस महिन्यांत, शंभर किलोमीटरवाल्याला नऊ-दहा महिन्यांत वसूल. म्हणजे एकच गाडी एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त.

जुनं कोटेशन वापरू नका, ताजं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे आधीचे आकडे आता चालणार नाहीत.

टेस्ट राइड काय सांगत नाही?

खरं ॲव्हरेज, सर्व्हिसिंगचा खर्च, पार्ट मिळतो की नाही, विकताना काय येईल, हे आठ किलोमीटरमध्ये कळत नाही. त्यासाठी मी एक काम केलं. सकाळी सीएनजी पंपावर जाऊन उभा राहिलो. त्या गाडीवाले जे आले त्यांना विचारलं, "भाऊ, किती देते? रांगेत किती वेळ जातो?" तीन जणांशी बोललो. नंतर आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला विचारलं. गॅसच्या टाकीची तपासणी किती वर्षांनी आणि खर्च किती, हे शोरूममध्ये विचारून लिहून घेतलं. फुकटात मिळालेली ही माहिती टेस्ट राइडपेक्षा कमी नाही.

माझा निर्णय? स्प्लेंडर चालू आहे. पैसे मालात घातले. डिलिव्हरी रोज ८० किलोमीटरच्या वर गेली की दुसरी गाडी घेणार, आणि तेव्हा हेच पान पुन्हा काढणार. त्या वेळी कदाचित उत्तर वेगळं येईल. कंबर अजूनही दुखते अधूनमधून, ते खोटं नाही सांगत. पण टायरची हवा दर सोमवारी बघायला लागलो, तेव्हापासून तेही कमी झालंय.

आता तुमची पाळी. या आठवड्यात तुमच्या धंद्यातली एक जुनी वस्तू निवडा, जी बदलायचं तुमच्या मनात आहे. आधी ती दुरुस्त करा, मग मोजा, मग नव्याची टेस्ट घ्या. क्रम उलटा करू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही सोबत ठेवा!