हरीण सोलायला सुरी केवढी हवी?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. नवखा शिकारी त्यासाठी सुरी घ्यायला गेला, की सहसा सगळ्यात मोठीवर हात ठेवतो. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. इथलं सगळं तिकडच्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे.)

‘पातं मोठं तेवढी सुरी चांगली’ हा समज सगळ्यात नुकसानीचा. १९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ चित्रपटातल्या रॅम्बोच्या करवती पाठीच्या सुरीने तो आणखी पसरवला. प्रत्यक्षात हरीण साफ करताना बरंचसं काम आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी चालतं. श्वासपटल कडेने सोडवून छातीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि श्वासनलिका कापायची. एका हाताने नळी धरलेली, दुसऱ्यात सुरी. सहा इंची पात्याचं टोक तिथे कुठे फिरतंय ते कळत नाही आणि आपलीच बोटं कापली जातात. साडेतीन-चार इंचांचं पातं भरपूर झालं. मूठ धरल्यावर तर्जनी पात्याच्या पाठीवरून टोकाजवळ पोचते का, एवढं दुकानात बघून घ्यावं.

‘आकडा असलेली सुरी घेतली की आतडं फुटत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. पात्याच्या पाठीवरचा तो आकडा धारदार असेपर्यंत छान चालतो. पण त्यात केस आणि चरबी अडकते, आणि त्याला साध्या दगडावर धार लावता येत नाही. त्यापेक्षा बोटांची रीत भरवशाची. कातडी चिमटीत उचलून लहानसा छेद द्यायचा, दोन बोटं आत घालून कातडी वर ताणायची आणि त्या बोटांच्या बेचक्यातून, धार आभाळाकडे ठेवून, पातं पुढे सरकवायचं. बोटं आतडी खाली दाबून धरतात. छेद आतून बाहेर जात असल्याने केस कमी कापले जातात, मांसाला चिकटत नाहीत आणि धारही टिकते. पोट किंवा आतडं फुटलंच, तर घाण लागलेला भाग लगेच कापून टाकावा.

‘हाडं तोडायला जाड, वजनदार पातं लागतं’ असंही म्हणतात. हरणाचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. खांद्याच्या फऱ्यामागून पातं फिरवलं की तो सुटा होतो. मागच्या पायाचा सांधा हुडकून त्याच्या शिरा कापायच्या. छातीचं हाड उघडायचंच असेल तर लहान करवत जवळ ठेवावी. आणि पात्यावरची लांब खाच रक्त वाहून जाण्यासाठी नसते, तिने फक्त पातं हलकं होतं.

कातडं सोलायला गोल पोटाचं पातं सोयीचं. पण जनावर टांगलेलं आणि अंग कोमट असेल, तर निम्मं काम मुठीनेच होतं. आपल्याकडचे खाटीक बकरं सोलतात तसंच, मूठ दाबत कातडं सुटं करायचं. चिवट जागीच सुरी लावली की कातड्याला भोकं पडत नाहीत.

पोलाद जितकं कडक तितकं उत्तम, असंही नाही. कडक पातं धार जास्त टिकवतं, पण हाडावर त्याची धार कचकण्याचा धोका वाढतो आणि दगडावर घासायला वेळ लागतो. रॉकवेल मापाने ५६ ते ५९ कडकपणाचं साधं स्टेनलेस मला पुरेसं वाटतं. बोथट सुरी मात्र कधीच सुरक्षित नसते. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते.

मुठीकडे सहसा कुणी बघत नाही, पण सुरी रोगमुक्त करायची वेळ आली की तिचाच प्रश्न येतो. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा रोग आढळला. त्याला कारणीभूत असलेले प्रिऑन, म्हणजे विकृत प्रथिनं, उकळून नष्ट होत नाहीत. म्हणून मांसाचा कण न् कण घासून काढलेलं स्टेनलेस पातं, दोन भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी अशा द्रावणात पाच मिनिटं बुडवून ठेवायचं, मग धुऊन लगेच कोरडं करायचं. लाकडी किंवा शिंगाची मूठ हे फार काळ सोसत नाही. बक कंपनीची १९६४ सालची ‘११०’ ही घडीची सुरी देखणी आणि नावाजलेली आहे, पण घडीच्या बिजागरीत रक्त-चरबी जाऊन बसते आणि तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून घडी नसलेली, रबरी मुठीची सुरी घ्यावी, आणि रंग नारिंगी निवडावा. पाचोळ्यात ठेवलेली सुरी मग चटकन सापडते.