वैमानिकांचा संप कुणी मोडला?

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. त्या आठवड्यात मला ओळखीच्या माणसांचे फोन येत होते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: पायलट संपावर गेलेत का? संप नव्हता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. ते २०२५च्या जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. त्यासाठी लागणारी माणसं कंपनीनं वेळेत घेतली नव्हती. वैमानिकांच्या महासंघानं हे जाहीरपणे सांगितलं, पण ऐकायला कुणाला वेळ होता? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत दिली आणि वैमानिकांना सहकार्याचं आवाहन केलं. माणसं कमी ठेवली कंपनीनं आणि समजूतदारपणा दाखवायचा थकलेल्या माणसांनी, हा न्याय मला तेव्हा झोंबला आणि अजून झोंबतो आहे.

तो झोंबला, कारण असाच न्याय मी मुंबईत एक अख्खं दशक जवळून पाहिला आहे.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण त्यात मला फार रमावंसं वाटत नाही. १९५३चं राष्ट्रीयीकरण, १९७३च्या अखेरीस एअर चीफ मार्शल पी. सी. लाल अध्यक्ष असताना इंडियन एअरलाइन्समध्ये झालेली टाळेबंदी, १९७८ मध्ये जेआरडी टाटांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर करणं, हे सगळं पुष्कळांनी पुष्कळदा लिहिलं आहे. १९९२च्या डिसेंबरातला संप मात्र ओलांडून जाता येत नाही. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक संपावर गेले, तेव्हा सरकारनं त्यांच्याशी बोलणी तडीस नेण्याऐवजी परदेशी विमानं चालक दलासकट भाड्यानं आणली. ९ जानेवारी १९९३ला त्यातलं उझबेकिस्तानचं एक टुपोलेव्ह विमान दिल्लीत धुक्यात उतरताना उलटलं आणि पेटलं. आत दीडशेहून अधिक माणसं होती. सगळी वाचली, हे त्यांचं नशीब. संप मोडण्यासाठी प्रवाशांच्या जिवाची जोखीम घ्यायची सरकारची तयारी होती, हे त्या दिवशी दिसलं.

मी विमान वाहतुकीच्या बातम्या करू लागले, तेव्हा एअर इंडियाचं मुख्यालय नरिमन पॉइंटला होतं आणि देशातल्या या धंद्याचे निर्णय बव्हंशी मुंबईत होत. २७ ऑगस्ट २००७ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदोपत्री एक झाल्या. मंत्री होते आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ नवी विमानं मागवली होती. विमानांचा विचार झाला, कर्जाचा झाला, पण दोन कंपन्यांच्या वैमानिकांचे करार वेगळे, पगाराची रीत वेगळी, बढतीचा वेग वेगळा, ज्येष्ठतेच्या याद्या वेगळ्या, त्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही. पुढच्या पाच वर्षांतले जवळजवळ सगळे तंटे या एका हलगर्जीपणातून आले, असं माझं ठाम मत आहे. या विलीनीकरणाचा जाब मंत्रालयातल्या कुणाला द्यावा लागला नाही. नोकऱ्या गमावल्या त्या वैमानिकांनी.

पण पहिला भडका खासगी कंपनीत उडाला. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं शेकडो हवाई कर्मचाऱ्यांना एका झटक्यात काढलं. ती पोरं गणवेशातच विमानतळावर आली आणि तिथून राज ठाकऱ्यांकडे गेली. मुंबईतून विमानं उडू देणार नाही असा इशारा मनसेनं दिला आणि नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. त्यातून वैमानिक जे शिकायचं ते शिकले. पुढच्या वर्षी त्यांनी कुणाच्या दारात न जाता स्वतःची संघटना काढली, नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड. कंपनीनं दोन वैमानिकांना काढून टाकलं. ८ सप्टेंबर २००९पासून शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले. उच्च न्यायालयाची मनाई होती, वर्तमानपत्रांत शिव्यांची लाखोली होती, तरी पाच दिवस ते हटले नाहीत आणि काढलेल्यांना परत घेऊनच कामावर गेले. भारतात खासगी विमान कंपनीच्या वैमानिकांनी संघटना करण्याच्या हक्कासाठी दिलेली ही पहिली मोठी लढाई. तिला ‘गलेलठ्ठ पगारवाल्यांची मस्ती’ म्हणणाऱ्यांत माझ्या व्यवसायातले ज्येष्ठ आघाडीवर होते. त्यांना मी तेव्हाही हेच विचारलं होतं: पगार जास्त असला की करार मोडायची मुभा मालकाला मिळते का?

त्याच महिन्यात एअर इंडियानं कामगिरीशी जोडलेला भत्ता कापायला घेतला आणि तिथलेही वैमानिक काही दिवस घरी बसले. वैमानिकाच्या पगारात मूळ पगार थोडा आणि उड्डाणाच्या तासांशी बांधलेले भत्ते फार. विमान नादुरुस्त झालं, मार्ग बंद झाला, वेळापत्रक बदललं, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं, पण तास कमी झाले की पैसे कमी. म्हणून दरमहा किती तासांचा भत्ता हमखास मिळणार, या आकड्यावर त्याचं घर चालतं. एप्रिल २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक दहा दिवस संपावर गेले, ते याच हमीसाठी आणि समान वेतनासाठी. मूळच्या एअर इंडियातल्या सहकाऱ्यांना मिळतं ते आम्हालाही द्या, कंपनी आता एकच आहे ना, एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय कंपनीच्या गैरकारभाराची सीबीआय चौकशी करा, ही मागणी होती. पगारासाठी भांडणारे लोक स्वतःच्या कंपनीचे हिशेब तपासा म्हणतात, याची नोंद फार थोड्यांनी घेतली. व्यवस्थापनानं संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना बडतर्फ केलं आणि शेवटी तडजोड करून परतही घेतलं.

आणि मग २०१२. या वर्षाबद्दल लिहिताना मला वैमानिकांवरचाही राग आवरत नाही. ड्रीमलायनर विमानं येणार होती. त्यांचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या वैमानिकांनाही द्यायचं ठरलं. मूळ एअर इंडियावाल्यांच्या इंडियन पायलट्स गिल्डनं विरोध केला: मोठी विमानं आमची, आमच्या बढत्या आधीच रखडलेल्या, त्यात हे पुढे जाणार. त्यांची भीती खोटी नव्हती. पण लढा उभा राहिला तो सहकाऱ्यांच्या विरोधात. आदल्या वर्षी एका संघटनेच्या संपात दुसरी उतरली नव्हती, या वर्षी पहिलीनं त्याची परतफेड केली. ज्यांनी हात धरून मंत्रालयाला जाब विचारायचा, ते एकमेकांच्या ज्येष्ठतेच्या याद्या तपासत बसले. विलीनीकरणानंतरचे पगार-बढतीचे तिढे सोडवायला नेमलेल्या धर्माधिकारी समितीचा अहवाल त्या जानेवारीत सरकारच्या हाती आला होता. तो वेळेवर अमलात आला असता तर कदाचित मे महिन्यात सुरू झालेला गिल्डचा संप टळला असता.

तो संप ५८ दिवस चालला. संघटनेची मान्यता गेली, कार्यालयांना सील लागलं, १०१ वैमानिक बडतर्फ झाले, काहींनी जंतरमंतरवर उपोषण केलं. रोज कुणीतरी कुटुंबाचा खर्च कसा भागवायचा याबद्दल बोलायचं आणि संध्याकाळी वाहिन्यांवर त्यांच्या पगाराच्या पाट्या फिरायच्या. जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयात हमी देऊन ते कामावर परतले, हाती काहीही न घेता. बडतर्फांना परत घेण्याचा प्रश्न नंतर बराच काळ रेंगाळला. सप्टेंबरात पहिलं ड्रीमलायनर आलं. पुढच्या वर्षी मुख्यालय दिल्लीला हललं. नरिमन पॉइंटची ती इमारत आता महाराष्ट्र सरकारनं १६०१ कोटींना घेतली आहे.

त्यानंतर एवढा मोठा, उघड, नाव सांगून केलेला वैमानिकांचा संप या देशात झाला नाही. त्याच वर्षी किंगफिशरचे लोक महिनोन्‌महिने बिनपगारी राबून शेवटी थांबले आणि कंपनीच बंद पडली. पण मला जास्त लागलं ते जेटचं. २०१९ मध्ये जानेवारीपासून पगार नव्हता. ज्या गिल्डला दहा वर्षांपूर्वी आडमुठी ठरवलं होतं, तिनं १ एप्रिलपासून उड्डाण थांबवायचं ठरवलं, मग ते १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. कंपनी वाचावी म्हणून बँकांपुढे हात जोडले. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. संप केला तर कंपनी बुडते म्हणणाऱ्यांपैकी एकानंही, संप न करता कंपनी कशी बुडाली, हे मला अजून समजावून सांगितलेलं नाही.

आता वाद तेच आहेत, फक्त ते लढायची जागा उरलेली नाही. टाटांकडे गेल्यावर एअर इंडियानं एप्रिल २०२३ मध्ये नवा करार आणला. हमखास भत्त्याचे तास ७०वरून ४० झाले. दोन्ही जुन्या संघटना या वेळी एकत्र आल्या, पण त्यांच्याशी बोलायला व्यवस्थापन तयार नव्हतं. दीड हजारावर वैमानिकांनी थेट रतन टाटांना साकडं घातलं. ज्यांच्या संघटना करारावर सह्या करत, त्यांना अर्ज करावा लागला. २०२४च्या एप्रिलमध्ये, एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्ताराच्या वैमानिकांसमोर तोच ४० तासांचा करार आला, सही केली नाही तर बढतीला मुकाल असा निरोपही आला. काहींनी आजारपणाची रजा टाकली आणि विस्ताराला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. उघडपणे ‘आम्ही संपावर आहोत’ असं म्हणायला कुणी पुढे आलं नाही आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही.

कारण वाटा एकेक करून बुजवल्या गेल्या. २०१७पासून कमांडरला नोकरी सोडायला वर्षभराची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वैमानिक हा कायद्याच्या अर्थानं कामगार की अधिकारी, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं खल चालतो. २१ नोव्हेंबर २०२५ला नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यानुसार निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संप धरला जातो, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते. मालकाला ७० तासांचे ४० करायला किती दिवसांची नोटीस लागते, हे त्या वैमानिकांनी पाहिलं आहे. डिसेंबरात इंडिगोच्या वैमानिकांच्या विश्रांतीचे तास मागे-पुढे होत होते, तेव्हा त्यांच्या वतीनं कंपनीसमोर बसून करार करू शकेल अशी मान्यताप्राप्त संघटना तिथे नव्हती. ती उभी करायला हवी, आणि या वेळी दोन नको, एकच हवी.