हलके, तरीही मजबूत

मुलांनो, १९८१ साली इटलीतील मोंझा येथे मोटारींची शर्यत चालू होती. जॉन वॉटसन यांची मॅकलॅरेन गाडी वेगाने कठड्यावर आदळली. इंजिन तुटून वेगळे झाले. पण चालकाभोवतीचा सांगाडा शाबूत राहिला आणि वॉटसन सुखरूप बाहेर आले. तो सांगाडा कार्बन फायबरचा होता.

कार्बन फायबर म्हणजे कार्बनचा धागा. तो केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. एक कृत्रिम धागा आधी हवेत बेताने तापवतात. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवतात. ऑक्सिजन नसल्यामुळे तो जळून जात नाही. इतर घटक निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो.

यंत्रमागावर सुताचे कापड विणतात, तसेच या धाग्यांचेही विणतात. पण कापड तर दुमडते! म्हणून ते साच्यात अंथरून त्याला रेझिन नावाचा चिकट द्रव लावतात. रेझिन घट्ट झाले की कडक वस्तू तयार होते.

रेझिन लावण्याच्या पद्धतीवर वस्तूचे वजन अवलंबून असते. समजा, कापड १ किलो आहे. ब्रशने रेझिन लावले तर तेही जवळजवळ १ किलो लागते. वस्तू भरते २ किलो. दुसऱ्या पद्धतीत ओल्या कापडावर प्लॅस्टिक घालून पंपाने आतली हवा काढतात. बाहेरच्या हवेच्या दाबाने जादा रेझिन निघून जाते. मग वजन साधारण पावणेदोन किलो होते. तिसऱ्या पद्धतीत कारखान्यातच मोजून रेझिन भरलेले कापड वापरतात. ते प्रेशर कुकरसारख्या बंद भट्टीत उष्णता व दाब देऊन पक्के करतात. आता वजन सुमारे दीड किलोच होते. मात्र या पद्धतीला खर्च फार येतो.

कापड तेवढेच, मग फरक कशाचा? रेझिनचा! खरी ताकद धाग्यांत असते. रेझिन त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. ते जास्त झाले तर फुकटचे ओझे होते. कमी पडले तर आत पोकळ्या राहतात आणि वस्तू कमजोर होते. शर्यतीच्या गाडीत किंवा विमानात अशी कमजोरी जिवावर बेतू शकते.

म्हणून एखादी वस्तू कार्बन फायबरची आहे, एवढे ऐकून ती हलकी व मजबूत असेलच असे समजू नका. ती कशी बनवली, हेही विचारा.