उन्मादाचें पूर्वरूप आणि आपलें कर्तव्य

ज्वर आला तर अंगाला हात लावून कळतें, हाड मोडलें तर डोळ्यांना दिसतें. परंतु मनुष्याची बुद्धि ज्या दिवशीं प्रथम ढळूं लागते, तो दिवस घरांत कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. मागाहून विचारावें, तर आई म्हणते, "दिवाळीपासून तो अबोल झाला." बाप म्हणतो, "छे, परीक्षेनंतर!" आणि डॉक्टरांच्या दारांत रोगी प्रथम पोंचतो तो पुष्कळदां पुढच्या दिवाळीनंतर. मधले महिने जे असे हरवतात, त्यांच्याविषयींच वाचकांशीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

जुने वैद्य ज्यास उन्माद म्हणत, त्याच्याशीं बरीचशी जुळणारी आजच्या डॉक्टरांची संज्ञा सायकोसिस ही आहे. जवळ कोणी नसतांना रोग्याला आवाज ऐकूं येतात. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, अन्नांत कांहीं कालवतात, असा त्याचा दृढ ग्रह होतो. बोलण्यांतला धागा तुटतो. ही व्याधि बहुधा पंधरा ते तीस या वयांत प्रथम प्रकट होते. म्हणजे विद्या संपादण्याच्या, कामास लागण्याच्या आणि संसार मांडण्याच्या ऐन काळांत. आनुवंशिकता, मेंदूच्या व्यापारांतील बिघाड, मनावरचा ताण, गांजासारखें व्यसन, अशीं अनेक कारणें तिच्या मुळाशीं असतात; आईचें वळण किंवा पूर्वजन्मींचें पातक हें तिचें कारण नव्हे. औषध जितकें उशिरां सुरू होतें, तितकें बरें होणें सावकाश आणि अपुरें होतें, असा अनेक देशांतील डॉक्टरांचा अनुभव आहे. शिवाय त्या अवधींत शाळा सुटते, काम सुटतें, मित्र दुरावतात. आणि पुढें औषधानें आवाज थांबले, तरी तुटलेलें तें सर्व औषधानें सांधलें जात नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यकांत 'पूर्वरूप' ही एक फार उपयुक्त कल्पना आहे. रोग स्वतःच्या रूपांत प्रकट होण्यापूर्वीं जीं चिन्हें दिसतात, तीं पूर्वरूपें. चरकसंहितेच्या निदानस्थानांतील सातवा अध्याय उन्मादाचा आहे. त्यांत डोकें रिकामें वाटणें, डोळे भांबावणें, कानांत नाद होणें, अन्नावरील वासना उडणें, अस्थानीं चिंता व उद्वेग करणें, अशीं पूर्वरूपें सांगितलीं आहेत. त्याच ग्रंथांत भूतादिकांच्या योगें होणारा आगंतुक उन्मादही वर्णिला आहे, हें खरें. परंतु अध्यायाच्या अखेरीस ग्रंथकार असेंही बजावतो कीं, शहाण्यानें आपल्या व्याधीचा दोष देव, पितर अथवा राक्षस यांच्या माथीं मारूं नये. त्या व्याधीचें मूळ तो रोग्याच्याच कर्मांत शोधतो; तेवढें आज आपणांस मान्य होणार नाहीं. पूर्वरूप ओळखावें, हा त्याचा उपदेश मात्र आजही जशाचा तसा उपयोगी आहे.

ओळखून पुढें करावयाचें काय, हा प्रश्न पूर्वीं अवघड होता; आतां तो तितका अवघड उरलेला नाहीं. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा या रोगावरील गुण प्रसिद्ध केला. १९५२ सालीं फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझीन या औषधाचा उपयोग सुरू झाला. आणि तेव्हांपासून गोळ्यांची, तसेंच महिन्याकाठीं एकदां टोचावयाच्या इंजेक्शनांची, मालिकाच निर्माण झाली. म्हणजे आज उणीव आहे ती औषधाची नसून औषधापर्यंतच्या वाटेची आहे.

मोखाड्याची वाट

ही वाट किती बिकट असूं शकते, हें पाहावयाचें असेल तर पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुका डोळ्यांपुढें आणावा. जव्हारच्या पलीकडे, सह्याद्रीच्या उतरणीवर वसलेल्या या मुलुखांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे लोक डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकवून राहतात. २०११ च्या जनगणनेंत तालुक्याची वस्ती सुमारें ८३ हजार भरली. बालकांच्या कुपोषणामुळें जव्हार-मोखाड्याचें नांव वर्तमानपत्रांत वारंवार येतें. मनाच्या रोगानें पाड्यावर बसून राहिलेल्या तरुणाची मात्र कोठेंच बातमी होत नाहीं.

असे तरुण किती असावेत? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें केलेल्या राष्ट्रीय पाहणींत प्रौढांमध्यें या जातीच्या रोगाचें चालू प्रमाण हजारीं चारच्या आसपास आढळलें. साधें त्रैराशिक मांडलें, तरी एकट्या मोखाड्यांत हा आंकडा दोनशेच्या घरांत जातो. त्याच पाहणीचा दुसरा निष्कर्ष असा कीं, निरनिराळ्या मनोविकारांत शेंकडा ७० ते ९२ रोगी उपचारांवांचून राहतात.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभें आहे. पण मोखाड्याहून तें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. तेथवर जावयाचें म्हणजे रोग्याची व सोबत्याची मजुरी बुडते, मोटारभाडें पडतें, आणि संशयग्रस्त मनुष्यास समजावून गाडींत बसविणें तर सर्वांत कठीण. त्यांतून दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर पोटासाठीं जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडाशीं परततात. सुरू झालेलें औषध या स्थलांतरांत तुटतें. म्हणून रोग्याचा औषधाचा कागद त्याच्याबरोबर प्रवास करील, आणि भट्टीजवळच्या दवाखान्यांत त्यास तेंच औषध मिळेल, अशी तजवीज हवी.

भगताच्या अंगणांत

पाड्यावर मनुष्य विचित्र वागूं लागला कीं घरचे लोक प्रथम भगताकडे जातात. शहरांतील सुशिक्षितांस याचें हंसू येतें. परंतु विचार केला तर त्यांत नवल कांहीं नाहीं. भगत जवळ आहे, ओळखीचा आहे, रात्रीं-अपरात्रीं भेटतो, आणि रोग्याच्या घराण्याची त्यास माहिती आहे. डॉक्टरांत यांपैकीं एकही गुण त्या माणसांस दिसत नाहीं. धोका आहे तो भगताकडे जाण्यांत नव्हे, तर तेथेंच महिनेन् महिने थांबण्यांत, आणि कोठें कोठें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं होणाऱ्या मारहाणींत व बांधून ठेवण्यांत. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां सांखळदंडांनीं जखडलेल्या रोग्यांस पळतां आलें नाहीं, आणि पंचविसांहून अधिक जीव होरपळून मेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या मिषानें मारणें-बांधणें हा अपराध ठरविला आहे, आणि २०१७ च्या केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्यास सांखळीनें बांधण्याची मनाई केली आहे.

पण केवळ कायद्यानें वाट मोकळी होत नाहीं. गुजराथेंत मेहसाणा जिल्ह्यांतील उनावा येथें मीरा दातारचा दर्गा आहे. तेथें 'दवा आणि दुआ' या नांवाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या मुजावरांस रोगलक्षणें समजावून देण्यांत आलीं, आणि दुआ मागावयास आलेल्यांना तेथेंच डॉक्टरही भेटूं लागले. कोणाची श्रद्धा मोडावी लागली नाहीं. मोखाड्यांतील भगतासही असेंच सांगतां येईल: "बाबा, तुझा विधि तूं कर, पण पोर रात्रभर झोंपत नसेल, एकटेंच बोलत असेल, तर त्याच आठवड्यांत त्याला मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखव." हा निरोप अडाण्यास करावयाचा उपदेश म्हणून न जातां सहकाऱ्यास केलेली विनंती म्हणून गेला पाहिजे.

शेजाऱ्याचें सामर्थ्य

असें काम साधीं माणसें करूं शकतात काय? मोखाड्याच्या सीमेला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यांत पुण्याच्या एका संस्थेनें ४१ खेड्यांत 'आत्मीयता' नांवाचा प्रयोग केला. गांवांतलींच विश्वासू माणसें निवडून त्यांस दुःखी मनुष्याचें ऐकून घेण्यास व गंभीर रोगी ओळखून सरकारी दवाखान्याकडे पाठविण्यास शिकविलें. सातारा, गोवें व तामिळनाडू अशा तीन ठिकाणीं २८२ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झाला. त्यांतले रोगी नवे नसून जुने होते. तथापि घरीं येणाऱ्या प्रशिक्षित गांवकऱ्याची जोड मिळालेल्यांची प्रकृति, केवळ दवाखान्यांत जाणाऱ्यांपेक्षां वर्षाअखेर थोडी अधिक सुधारलेली दिसली. सुधारणा थोडी होती. पण ती साध्या माणसांच्या हातून झाली, हें विशेष. १९९६ पासून सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चालू आहे आणि पाड्यापाड्यावर आशा कार्यकर्त्या आहेत. या दोहोंची गांठ घट्ट बसली, तर डोंगरांतही वाट निघेल.

मात्र एकदां सांगून भागत नाहीं. नॉर्वेंतील रोगालांड परगण्यांत १९९७ पासून वर्तमानपत्रें, रेडिओ, शाळा व घरोघरच्या पत्रकांतून या रोगाचीं पूर्वरूपें लोकांस समजाविण्यांत आलीं. कोणीही निरोप धाडावा आणि डॉक्टरांच्या पथकानें तत्काळ यावें, अशी व्यवस्था केली गेली. पूर्वीं निम्म्या रोग्यांस औषध मिळेपर्यंत २६ आठवडे किंवा त्याहून अधिक लोटत. तो काळ ५ आठवड्यांवर आला. पुढें लोकांना सांगण्याचें काम थांबलें, पथक मात्र तसेंच राहिलें. आणि तो काळ पुन्हां १५ आठवड्यांवर गेला! डॉक्टर तेच होते, औषधें तींच होतीं. उणें झालें तें केवळ सांगणें.

आपल्या घरांत

आतां वाचकांनीं मोखाड्याकडून दृष्टि काढून स्वतःच्या माजघराकडे वळवावी. आपल्या घराजवळ रस्ता आहे, डॉक्टर आहेत, पदरीं पैसा आहे. तरीही महिने हरवतात. पाड्यावर जें काम घाटाची वाट करते, तेंच काम आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द करतात. मुलगा खोलींतून बाहेर येत नाहीं, तर "अभ्यासाचा ताण आहे" असें आपण म्हणतों. मुलगी भिंतीशीं बोलते, तर धाकटीचें लग्न होईपर्यंत कोणास कळूं नये म्हणून झांकतों. कोणी ज्योतिषी गांठतात, कोणी शांति करतात, आणि कोणी तर लग्न लावून दिलें म्हणजे सुधारेल म्हणून दुसऱ्या घरच्या निरपराध जिवासही त्यांत ओढतात. पाड्यावरचा भगत आणि आपला ज्योतिषी यांत, औषधाला लागणाऱ्या विलंबापुरतें पाहिलें, तर अंतर तें किती? 'देवराई' हा २००४ सालचा मराठी चित्रपट याच रोगाविषयींचा आहे. त्याच्या मागें उभे राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं स्वतःच्या घरांतलें हें दुःख न झांकतां पुण्यास रोग्यांच्या कुटुंबीयांसाठीं संस्था काढली. उघडपणें बोलणाऱ्या एका घराचा आधार किती घरांना होतो, याचें हें उदाहरण होय.

वर्गांत आयुष्य घालविलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते: मूल बदललें, हें पुष्कळदां आईबापांच्या आधीं शिक्षकास दिसतें. हुशार मुलगा मागच्या बांकावर जाऊन बसतो, अक्षर बिघडतें, उत्तर विचारतां तो भलतेंच बोलतो, मित्रांवर संशय घेतो. प्रत्येक अबोल मूल उन्मादी नसतें, आणि तसा शिक्का मारणें हें पापच. परंतु झोंप उडणें, स्नान-भोजनाची शुद्ध न राहणें, माणसें टाळणें, विनाकारण संशय घेणें, न दिसणाऱ्यांशीं बोलणें, यांपैकीं दोन-तीन गोष्टी एकत्र येऊन आठवडा-पंधरवडा टिकल्या, तर वाट पाहूं नये. रोग्याशीं वाद घालूं नये. "तुला आवाज ऐकूं येत नाहींत" असें म्हणण्यापेक्षां "तुला त्रास होतो आहे, आपण विचारूं या" असें म्हणावें. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठींतूनही, विनाशुल्क सल्ला मिळतो. जीव देण्याची भाषा निघाली किंवा अन्नपाणी सुटलें, तर तेवढाही विलंब न करतां दवाखाना गांठावा. आणि औषध सुरू झाल्यावर बरें वाटलें म्हणून तें आपल्या मनानें बंद करूं नये. हात कांपूं लागले, अंग ताठलें, तर डॉक्टरांस सांगावें म्हणजे ते मात्रा बदलतात.

शेजारच्या घरांतून धूर येऊं लागला, तर आपण घरमालकाच्या परवानगीची वाट पाहत नाहीं. येथें तर जळत असतें तें एका तरुणाचें उभें आयुष्य, आणि धूर सर्वांत आधीं दिसतो तो जवळच्यालाच. मग तो भगत असो, आशाताई असो, शिक्षक असो, कीं आपण स्वतः असूं; ज्याला तो दिसला, त्यानें त्याच आठवड्यांत हांक द्यावी.