सोल्डर पेस्ट

सोल्डर पेस्ट म्हणजे सोल्डरच्या (डाखाच्या) मिश्रधातूचे सूक्ष्म गोलाकार कण आणि चिकट फ्लक्स यांचे राखाडी रंगाचे मिश्रण होय. सर्किट बोर्डच्या पृष्ठभागावर रोधक, धारित्र, आयसी इत्यादी घटक जोडण्यासाठी तिचा वापर होतो. पेस्ट वितळून तयार होणारा जोड वीजप्रवाहाला मार्ग देतो आणि घटकाला आधारही देतो. जोडातील दोष बहुधा भट्टीनंतर दिसून येतात. मात्र त्यांतील अनेकांचे मूळ पेस्टची साठवण आणि छपाई यांत असते.

घटक

वजनाने पेस्टमध्ये सुमारे ८८ ते ९० टक्के धातू असतो. फ्लक्स हलका असल्यामुळे घनफळात मात्र दोहोंचा वाटा साधारण निम्मा-निम्मा असतो. त्यामुळे छापलेल्या पेस्टच्या सुमारे निम्मेच घनफळ जोडात उरते. फ्लक्स धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि पेस्ट वितळेपर्यंत घटकांना जागेवर चिकटवून ठेवतो.

पूर्वी ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेला मिश्रधातू प्रचलित होता. तो १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. युरोपीय संघाच्या रोह्स निर्देशाने १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर मर्यादा आल्या. त्यानंतर ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे असलेला ‘सॅक ३०५’ हा मिश्रधातू रूढ झाला. तो सुमारे २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळतो.

साठवण

पेस्ट सामान्यतः ० ते १० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. वापरापूर्वी डबा बंद ठेवूनच काही तासांत खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. थंड डबा लगेच उघडल्यास हवेतील बाष्प पेस्टवर जमते आणि भट्टीत त्याची वाफ होऊन सोल्डरचे थेंब उडतात. स्टेन्सिलवर उरलेली पेस्ट पुन्हा ताज्या पेस्टच्या डब्यात मिसळत नाहीत. तिच्यातील द्रावक उडालेले असते व कणांवर ऑक्साइड वाढलेले असते.

छपाई आणि तिच्यातील दोष

पेस्ट बोर्डवर छापण्यासाठी साधारण ०.१० ते ०.१५ मिलिमीटर जाडीची पोलादी स्टेन्सिल वापरतात. स्क्वीजी नावाचे पाते फिरवताना दाबाखाली पेस्ट पातळ होऊन छिद्रांत भरते आणि स्थिर होताच पुन्हा घट्ट होते.

* अपुरी पेस्ट : छिद्रे बुजणे, पेस्ट वाळणे किंवा छिद्राच्या मानाने कण मोठे असणे ही याची कारणे होत. छिद्राच्या अरुंद बाजूवर किमान पाच मोठे कण मावावेत, असा संकेत आहे.
* पेस्ट पसरणे : स्टेन्सिल व बोर्ड यांत फट राहिल्यास किंवा स्टेन्सिलची खालची बाजू अस्वच्छ असल्यास पेस्ट शेजारच्या पॅडकडे सरकते. स्टेन्सिल ठरावीक छपायांनंतर पुसणे आणि बोर्डला खालून भक्कम आधार देणे हे यावरील उपाय होत.

भट्टीनंतर दिसणारे दोष

* पूल : शेजारील दोन पॅड सोल्डरने जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते. जादा किंवा सरकलेली पेस्ट हे याचे नेहमीचे कारण असते.
* सोल्डरचे गोळे : पेस्टमधील ओलावा, अतिजलद तापवणे अथवा घटकाखाली दाबली गेलेली जादा पेस्ट यांमुळे तयार होतात.
* टूमस्टोनिंग : लहान घटकाच्या एका टोकाची पेस्ट आधी वितळली, तर पृष्ठताणामुळे घटक त्या टोकावर उभा राहतो आणि दुसरे टोक सुटते. दोन्ही पॅडांवर सारखी पेस्ट व सारखी उष्णता मिळणे आवश्यक असते.
* हेड-इन-पिलो : उष्णतेने आयसी किंवा बोर्ड वाकल्यास आयसीखालील सोल्डरचा गोळा पेस्टपासून काही क्षण दूर जातो. मधल्या काळात ऑक्साइड तयार झाल्याने दोन्ही पुन्हा टेकतात, पण एकजीव होत नाहीत. असा जोड सुरुवातीच्या विद्युत चाचणीत उत्तीर्ण होऊन पुढे वापरात निकामी होऊ शकतो.

चुकीच्या छपाईची दुरुस्ती

घटक बसवण्यापूर्वी छपाईतील चूक लक्षात आल्यास बोर्ड धुऊन पुन्हा वापरता येतो. केवळ कोरड्या कापडाने पुसल्यास सोल्डरचे कण बोर्डच्या छिद्रांत व पॅडांमधील फटींत अडकतात आणि पुढे त्यांचेच गोळे होतात. त्यामुळे योग्य द्रावकाने संपूर्ण बोर्ड स्वच्छ करतात. दुसऱ्या बाजूला आधीच घटक जोडलेले असल्यास ते त्या द्रावकाने खराब होणार नाहीत, याची खात्री करावी लागते.

तपासणी

अनेक कारखान्यांत छपाईनंतर लगेच प्रकाशीय यंत्राने प्रत्येक पॅडवरील पेस्टची उंची, क्षेत्रफळ व घनफळ मोजतात. या टप्प्यावर बोर्ड धुणे पुरेसे ठरते. भट्टीनंतर मात्र प्रत्येक सदोष जोड स्वतंत्रपणे तापवून दुरुस्त करावा लागतो आणि त्या उष्णतेने घटक व पॅड खराब होण्याचा धोका असतो. आयसीखाली झाकलेले जोड डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांच्यासाठी क्ष-किरण तपासणी केली जाते.