डुकराचा रुपया आणि हौसेचा भाव

१९११ साली पंचम जॉर्जच्या नावाने पहिला रुपया पाडला गेला, तेव्हा एका हत्तीपायी तो गुंडाळावा लागेल असे टांकसाळीत कोणाच्या मनातही आले नसेल. राजाच्या झग्यावर मानाची साखळी आहे आणि त्या साखळीत तांदळाएवढा हत्ती. कोरणाऱ्याने त्याची सोंड आखूड ठेवली, कानही लहान काढले. झाले! हा हत्ती नव्हे, डुक्कर आहे, असा बोभाटा उठला. मुसलमान प्रजेच्या खिशात सरकारी डुक्कर घालणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांपैकी जेमतेम ७ लाख लोकांच्या हाती गेले, बाकीचे पुन्हा भट्टीत. १९१२च्या रुपयात हत्तीला लांब सोंड आणि मोठे कान मिळाले.

वजनाला दोन्ही रुपये सारखेच, बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदीही तेवढीच. पण १९१२चा साधा, हाताळलेला रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळून जातो आणि १९११चा मागितला की विकणारा आधी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो. खरे तर ७ लाख ही संख्या काही दुर्मीळ म्हणावी अशी नाही. मोठ्या नाणेप्रदर्शनात हा रुपया शोधावा लागत नाही, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. तरी तो कित्येक पट पैसे मोजतो, कारण त्याला चांदी नको असते, डुक्कर हवे असते. पाहुण्याच्या हातात भिंग देऊन ‘शोधा बरं’ म्हणायचे असते. हे पैसे तोट्यात धरायचे की करमणुकीत, हे ज्याचे त्याने ठरवावे. नाणेसंग्राहकांची बायकामुले सहसा पहिल्या बाजूने मत देतात.

नाण्यावर छापलेली किंमत, त्यातल्या धातूची किंमत आणि हौसेची किंमत यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. याचा सर्वांत मजेदार नमुना म्हणजे भारत सरकारची स्मारक नाणी. मे २०२३मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला ७५ रुपयांचे नाणे निघाले. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी, तेव्हाच्या भावाने साधारण बाराशे रुपयांची, आणि अंगावर आकडा ७५चा! तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून १,००० रुपयांचे नाणे काढले गेले. आपल्या नाणे कायद्यानुसार याहून मोठ्या किमतीचे नाणे काढताच येत नाही. ही नाणी व्यवहारात फिरण्यासाठी नसतातच. सरकारी टांकसाळी ती आगाऊ नोंदणी घेऊन, देखण्या डबीत घालून, धातूच्या मोलापेक्षा बऱ्याच चढ्या दराने विकतात. नोंदणी करणारा महिनोन्‌महिने वाट बघतो. डबी आली की झाकण उघडून, आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागाला बोट न लावता, पुन्हा बंद करतो. दुसऱ्या दिवशी तीच डबी विकायला काढली तर दिलेली रक्कम परत मिळेलच याची खात्री नाही. तरी पुढच्या नोंदणीला तो पुन्हा हजर.

बरे, हौस एका नाण्यावर भागत नाही. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब. कोलकात्याची खूणच नसते. त्यामुळे एकच दोन रुपयांचे नाणे चार वेळा घ्यावे लागते, आणि चौथ्या वेळी त्या नसलेल्या खुणेचेही पैसे मोजले जातात.

नाण्याची अवस्था पाहून भाव ठरवायची पद्धत ज्या माणसाने आकड्यांत बसवली, त्याचीच कथा ऐकण्यासारखी आहे. विल्यम शेल्डन हा अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ, तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटचा वेडा. १९४९च्या आपल्या पुस्तकात त्याने नाण्याला १ ते ७० असे गुण द्यायची मोजपट्टी मांडली. हिशेब सरळ होता: एक गुणाचे झिजके नाणे एका डॉलरला, तर सत्तर गुणांचे निष्कलंक नाणे सत्तर डॉलरला. बाजाराने हा हिशेब लवकरच मोडला. आज ६४ आणि ६५ या दोन गुणांमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण किमतीत तो दुप्पट-तिप्पटही असू शकतो. प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीवर छापलेल्या एका आकड्यासाठी लोक एवढे पैसे देतात. आणि शेल्डन? अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट उचलून तिथे आपल्याकडची कमअस्सल ठेवण्याचा उद्योग त्याने केला होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. गुणांची पारख होती, यात शंका नाही.

लिलावात तर जास्त पैसे देणे जवळजवळ अटळ असते. १९७१मध्ये अमेरिकेतल्या तीन तेल अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींबद्दल एक निरीक्षण मांडले: बोली जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो तोच. नाण्यांच्या दालनातही तेच घडते. वीस जाणकारांनी भाव मनाशी ठरवलेला असतो आणि एकविसाव्याने हात वर केलेला असतो. त्यावर लिलावगृहाची दलाली आणि कर.

अशा एकविसाव्यांचा राजा म्हणजे इजिप्तचा फारुक, शब्दशः राजा. त्याने साडेआठ हजारांच्या आसपास नाणी आणि पदके जमवली होती. १९५२मध्ये गादी गेली आणि १९५४मध्ये नव्या सरकारने कैरोच्या कुब्बा राजवाड्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव मांडला. दुर्मीळ नाणी ढिगाने एकेका गटात बांधलेली होती, त्यामुळे जमलेल्या परदेशी व्यापाऱ्यांची चंगळ झाली. फारुकने मोजलेल्या पैशांचे काय झाले हे विचारू नये. पण त्याच्याकडचे १९३३चे वीस डॉलरचे अमेरिकन सोन्याचे नाणे त्या लिलावातून अमेरिकेच्या मागणीवरून काढून घेतले गेले, आणि कायदेशीररीत्या खासगी मालकीचे मानले गेलेले त्या वर्षाचे एकमेव नाणे २०२१मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ८९ लाख डॉलरला गेले. ते फारुकचेच असल्याचे मानले जाते.

हे अर्थात अपवाद. नेहमीचे उदाहरण फ्रँकलिन मिंटचे आहे. १९६४मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या खासगी टांकसाळीने ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणत चांदीच्या पदकांचे संच घरोघर विकले. १९७८मध्ये एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हे संच परत विकायला गेल्यास काय हाती पडते ते दाखवले. जानेवारी १९८०मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोचली, तेव्हा असे कित्येक संच भट्टीत गेले. त्या संचांना लोकांनी एवढा मोठा भाव दिला तो चित्रांना, आणि शेवटी वजनकाट्यावर गेली ती चांदी. तिथे संग्राहकाचा पराभव नुसता पैशांचा नव्हता. त्या पदकांना इतिहास नव्हता, कोणाच्या हातातून ती गेलेली नव्हती, आणि पाहुण्याला सांगण्यासारखे त्यांत काहीच नव्हते.

शिवराईचे तसे नाही. तांब्याची ही जाड, ओबडधोबड नाणी शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडली आणि वापरली गेली, त्यामुळे ती आजही पुष्कळ मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेले तरी दिसतात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण साचे कोरणारे अनेक आणि शुद्धलेखनाचा आग्रह कोणाचाच नाही, म्हणून कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘पती’. साध्या शिवराईपेक्षा वेगळ्या वेलांटीच्या शिवराईला दहापट पैसे देणारे लोक आहेत, आणि त्यांच्या या चिकाटीमुळेच शिवराईच्या प्रकारांच्या याद्या वाढत गेल्या. महाराजांच्या सोन्याच्या होनाची गोष्ट निराळी. अस्सल होन फारच थोडे आहेत, म्हणून होन म्हणून पुढे येणाऱ्या नाण्याकडे आधी संशयाने बघावे. तिथे भावनेच्या भरात दिलेले पैसे हौसेचे नसतात, फसवणुकीचे असतात. १९३९च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाच्याही नकला बाजारात भरपूर आहेत.

फसवणुकीची उलटी तऱ्हा अलीकडे जास्त चालते. वैष्णोदेवीचे २०१२चे पाच रुपयांचे नाणे लाखांना विकले जाते, अशी आवई उठते, आणि ते विकू पाहणाऱ्याकडूनच ‘नोंदणी शुल्क’ उकळले जाते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये याबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता.

नाशिकजवळच्या जोगलटेंभीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरून सातवाहनांची टेकडी आणि उज्जैन चिन्ह गेलेले दिसते. ठसा नीट बसला असेल तर खालचे नाव पुसले जाते, तिरका बसला असेल तर दोन्ही नावे अर्धीमुर्धी वाचता येतात. टांकसाळीच्या हिशेबात हे दुसरे नाणे बिघडलेलेच. संग्राहक मात्र त्यालाच जास्त भाव देतो. शंभर वर्षांपुढचे नाणे परदेशी नेता येत नाही, म्हणून निदान हा सौदा आपल्याआपल्यातच राहतो.

अशी नाणी पैसे न मोजता बघायची असतील तर नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे, आणि मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे. तिथून परतणारा संग्राहक बहुधा वाटेत सराफ बाजारात थांबतो आणि विचारतो, क्षत्रपांचे एखादे आहे का, ठसा तिरका असला तरी चालेल.